मदतीचा गहू आणि कापडाचा कोटा

लालबाग-परळच्या जुन्या माणसांसमोर 'अमेरिकेचा लाल गहू' म्हटलं की त्यांना रेशनची रांग आठवते. हा गहू पी.एल. ४८० या अमेरिकी कायद्याखाली यायचा. भारताशी पहिला करार १९५६ चा. आपण त्याला सरसकट 'मदत' म्हणतो. आज हा शब्दच जरा तपासू.

मूळ कायदा १९५४ चा. तिकडे साठून राहिलेल्या धान्याला गिऱ्हाईक मिळावं, हाही त्याचा उघड हेतू होता. आपण किंमत रुपयांत मोजत होतो, म्हणजे ही सवलतीची विक्री होती. त्यात वाईट काही नाही. १९६५-६६ च्या दुष्काळात त्या गव्हाने लाखो पोटं भरली, हे मान्यच केलं पाहिजे.

पण त्याच वर्षांत कापडाचं काय चाललं होतं? १९६१ साली अमेरिकेच्याच पुढाकाराने सुती कापडाच्या आयातीला आवर घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९७४ पासून तो 'मल्टी-फायबर अरेंजमेंट' म्हणून वाढला. गरीब देशाने श्रीमंत देशात किती कापड विकायचं, याचा देशवार कोटा! खुल्या व्यापाराचे धडे देणाऱ्यांनीच गॅटच्या नियमांना दिलेली ही बगल. ती पुरती संपायला १ जानेवारी २००५ उजाडावं लागलं. ज्याला विकून कमावता येत होतं, त्याचा माल अडवायचा आणि वर त्याला धान्य द्यायचं, असा हा व्यवहार.

मुंबईला हे नवं नव्हतं. १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात होती. लँकेशायरची ओरड नको, म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. नाव काय, तर समान न्याय! तो कर रद्द व्हायला १९२६ साल उजाडलं.

आता कोणी म्हणेल, म्हणजे गिरण्या परदेशी कोट्याने बुडाल्या. मला हे पटत नाही. गिरण्यांचं मोठं गिऱ्हाईक देशातच होतं. नवे माग बसवायला आपल्याच सरकारने आडकाठी केली, अनेक मालकांनी यंत्रं जुनीच ठेवली, काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलं. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर तर कापडापेक्षा जमिनीलाच भाव आला. हे सगळं परक्यांच्या माथी मारणं म्हणजे आपल्या माणसांना सोडून देणं.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. कुणी मदत दिली की विचारायचं, त्याच वर्षी आमचा कोणता माल तुम्ही घेतलात, आणि कोणता अडवलात?

आणि हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. भारत बांगलादेशाला कर्ज देतो, मदत देतो. मे २०२५ मध्ये मात्र तिथले तयार कपडे जमिनीच्या वाटेने घेणं आपण बंद केलं. फक्त कोलकाता आणि आपलं न्हावा-शेवा, ही दोन बंदरं उघडी ठेवली. त्याआधी त्यांनीही आपलं सूत जमिनीच्या वाटेने घेणं थांबवलं होतं, हे खरं. पण ढाक्याच्या शिलाई कामगाराच्या घरी हा हिशेब कसा दिसत असेल, हे गिरणगावाला तरी कुणी समजावून सांगायला नको.