गोदामापासून रेसट्रॅकपर्यंत

मुलांच्या गाडीत बसले की कानांवर आदळणाऱ्या 'धप् धप्'ला आपण मंडळी सरसकट गोंगाट म्हणतो. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नव्हता. पण या गोंगाटाचा इतिहास चाळल्यावर लक्षात आले, की तक्रार करायचीच तर ती तालाबद्दल नव्हे, त्याच्या बाजाराबद्दल करायला हवी.

१९७७ साली शिकागोत 'वेअरहाऊस', म्हणजे गोदाम, नावाचा क्लब सुरू झाला. तिथे फ्रँकी नकल्स रात्रभर तबकड्या लावत असे. नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी तरुण. १२ जुलै १९७९ रोजी त्याच शहरातल्या कॉमिस्की पार्कवर डिस्कोच्या तबकड्या जाहीरपणे स्फोटाने उडवण्यात आल्या. गोदामातला नाच मात्र थांबला नाही. 'हाऊस' हे नाव त्यावरूनच पडले असे मानतात. पुढे शेजारच्या मिशिगनमध्ये वॉन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनी 'टेक्नो' घडवले.

इंजिनिअरला मौज वाटावी अशी गोष्ट यंत्राची आहे. गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून रोलंड कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ काढले. ते चालले नाही, १९८४ मध्ये बंद पडले आणि जुन्या बाजारात स्वस्त झाले. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने त्याची बटणे भलतीच पिळून १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' काढले. त्याआधीच, १९८२ साली, मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच यंत्र वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते! जगाने त्याची दखल घेतली ती २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर.

अमेरिकेने आपल्या घरचे हे संगीत बराच काळ दुर्लक्षिले. त्याला आधी डोक्यावर घेतले ब्रिटनने. २००३ साली रेव्ह पार्ट्यांवर डोळा ठेवून इथे कायदा झाला. २००६ साली कोचेला महोत्सवात डाफ्ट पंकचा पिरॅमिड उजळला, २०११ साली 'इलेक्ट्रिक डेझी कार्निव्हल' लास व्हेगासच्या मोटार-शर्यतींच्या मैदानावर गेला. २०१३ साली एसएफएक्स कंपनीने १३ डॉलरला शेअर विकून २६ कोटी डॉलर उभे केले; २०१६ साली तिने दिवाळखोरी जाहीर केली.

या प्रवासात संगीताचे काय झाले? गोदामात वादकाच्या हाती अख्खी रात्र होती. ख्यालात बढत व्हावी तसा तो समुदायाला हळूहळू वर नेई. महोत्सवात त्याला मिळतो तासभर. मग बढत कसली, तिहायांमागून तिहाया! दर काही मिनिटांनी 'ड्रॉप', फटाके, टाळ्या. बाजाराने उत्तम ध्वनी दिला, पैसा दिला, हे नाकारून चालणार नाही. पण फडावरची लावणी सिनेमात गेली तेव्हा आपण हेच पाहिले: नाव राहिले, फड मागे पडला.

शिकागोने २०२३ साली वेअरहाऊसच्या इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. उशिरा का होईना, ऋण मान्य झाले. नकल्स मात्र २०१४ सालीच गेला होता.

तेव्हा यापुढे गाडीत 'आवाज कमी कर' म्हणण्याआधी 'हे आले कुठून?' असे मुलांना विचारून पाहावे. बहुधा त्यांनाही ठाऊक नसेल. मग ते आपण सांगावे.