‘बुद्धिबळ’ आणि बुद्धिमत्ता : एका संज्ञेची परीक्षा

बुद्धिबळातील प्रावीण्य हे सर्वसाधारण बुद्धिमत्तेचे गमक होय, हा समज बहुतेक देशांत आढळतो. मराठी भाषिकांत मात्र त्याला एक जादा आधार लाभला आहे, तो खेळाच्या नावाचा. हिंदीतील ‘शतरंज’ हे संस्कृत ‘चतुरंग’ शब्दाचे फारसी-अरबीच्या वाटेने परत आलेले रूप होय. कन्नडातील ‘चदुरंग’ त्याच मुळाचा. इंग्रजी नावाच्या मुळाशी फारसी ‘शाह’ आहे. यांपैकी कोणतेही नाव खेळणाराच्या मनाविषयी काही सांगत नाही. मराठी नाव सांगते, निदान तसे वाटते. परिणामी जे सिद्ध करावयाचे तेच नावात गृहीत धरले जाते, आणि ‘खेळ बुद्धीचा, म्हणून जिंकणारा बुद्धिमान’ हे वाक्य युक्तिवाद म्हणून खपून जाते.

वास्तविक या सामासिक शब्दाची फोड दोन प्रकारे होऊ शकते. ‘बुद्धीचे सामर्थ्य’ हा आज कोणासही प्रथम सुचणारा अर्थ. परंतु संस्कृतात ‘बल’ म्हणजे सैन्यही. हत्ती, घोडे, रथ व पायदळ मिळून होणाऱ्या सेनेस ‘चतुरंगबल’ म्हणतात. जुन्या मराठीत ‘बुद्धिबळे खेळणे’, ‘बुद्धिबळांचा डाव’ असे अनेकवचनी प्रयोग रूढ होते. सामर्थ्याचे अनेकवचन सहसा होत नाही; पटावर मांडलेल्या मोहऱ्यांचे होते. तेव्हा शब्दाचा मूळ रोख बुद्धीने चालवावयाच्या सैन्याकडे होता, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे एकवचन स्थिर झाले आणि अर्थ सैन्याकडून ते चालविणाराच्या डोक्याकडे सरकला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये या खेळाचे वर्णन केले आहे. तेथे नाव ‘चतुरंग’च आहे. व्युत्पत्तीने मानसशास्त्रीय प्रश्न सुटत नाही, हे खरेच. परंतु चुकीच्या व्युत्पत्तीवर उभे राहिलेले उत्तर तिने निश्चितच डळमळीत होते.

आता प्रत्यक्ष पुराव्याकडे वळावे. १९२५ च्या मॉस्को स्पर्धेच्या निमित्ताने द्याकोव, पेत्रोव्स्की व रुडिक या रशियन मानसशास्त्रज्ञांनी नामांकित खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या. सामान्य बुद्धीच्या कसोट्यांत ते इतरांहून फारसे वेगळे ठरले नाहीत. पटाशी संबंध असलेल्या स्मृतीत मात्र ठरले. १९४६ मध्ये डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट यांनी याच दिशेने विवेचन केले, आणि १९७३ मध्ये चेस व सायमन यांचा प्रसिद्ध प्रयोग आला. खऱ्या डावातील मोहऱ्यांची मांडणी पाच सेकंद दाखवून झाकली, तर निष्णात खेळाडू ती पुष्कळशी जशीच्या तशी मांडून दाखवी. नवख्याला चार-पाच मोहऱ्यांपलीकडे जाता येत नसे. त्याच मोहऱ्या पटावर स्वैर विखुरल्या, की दोघांतील अंतर जवळजवळ नाहीसे होई. (पुढे गोबे व सायमन यांनी १९९६ मध्ये दाखविले की, तेथेही निष्णाताला थोडा फायदा उरतो, पण तो थोडाच.) अर्थात निष्णाताजवळ असते ते कोणत्याही विषयाला जुंपता येईल असे तल्लख मन नव्हे, ती हजारो ओळखीच्या आकृत्यांची साठवण होय. या साठवणीची तुलना खुद्द त्या संशोधकांनी वाचकाच्या शब्दसंग्रहाशी केली होती.

भाषाभ्यासकाला ही तुलना आणखी पुढे नेता येते. माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड येथील पाच वर्षांचे मूल ‘पोळी खाल्ली’, ‘भात खाल्ला’, ‘केळं खाल्लं’ असे बिनचूक बोलते. कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, हा नियम त्याला कोणी शिकविलेला नसतो. वयाच्या तिशीत मराठी शिकू लागलेला परभाषी पंडित त्याच ठिकाणी वर्षानुवर्षे अडखळतो. तरी त्या मुलाला पंडिताहून बुद्धिमान कोणी म्हणत नाही. त्याच्या कानावर मराठी पडली, एवढेच म्हणतात. पटाच्या बाबतीत हा विवेक का सुटावा? तुलनेला मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. भाषा प्रत्येक निरोगी मूल आत्मसात करते, पट प्रत्येक जण करीत नाही. आणि म्हणूनच पटाच्या बाबतीत बुद्धीच्या वाट्याला काहीतरी उरत असावे.

ते किती, हे बर्गोइन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढले. अपरिचित समस्या सोडविण्याची शक्ती व पटावरील कौशल्य यांचा सहसंबंध सुमारे ०.२४ आला. त्याचा वर्ग केला असता सुमारे सहा टक्के येतात. म्हणजे खेळाडूंमधील फरकाचा तेवढाच भाग या शक्तीशी निगडित दिसतो. हा संबंध लहान व नवख्या खेळाडूंत अधिक, मुरलेल्यांत कमी. ‘बुद्धीचा काहीच संबंध नाही’ हा उलट टोकाचा दावाही या आकड्यांनी निकालात निघतो. मुरलेल्यांत संबंध क्षीण दिसण्याचे एक कारण असेही असू शकते की, तेथवर पोहोचेपर्यंत बरीच गाळणी झालेली असते. बिलालिच, मॅक्लाउड व गोबे यांच्या २००७ च्या अभ्यासात ५७ मुले होती. त्यांतील उत्तम २३ खेळाडूंत बुद्ध्यंक व कौशल्य यांचा संबंध चक्क उलटा निघाला, कारण अधिक बुद्ध्यंकाच्या मुलांनी सराव कमी केला होता. संख्या लहान असल्याने यावर फार भार टाकू नये. तथापि सरावाचा वाटा मोठा, ही गोष्ट तेथेही स्पष्ट होते.

आणि सराव म्हणजे केवळ जिद्द नव्हे. त्याला घर, गाव आणि संस्था लागते. राष्ट्रीय महिला अजिंक्यपद स्पर्धेच्या १९७४ पासूनच्या पहिल्या दशकात विजेतेपद वासंती, जयश्री व रोहिणी या मुंबईच्या खाडिलकर भगिनींकडे राहिले. हा आनुवंशिक बुद्धीचा पुरावा म्हणून सांगितला जातो. परंतु तिघींचे घर एक, घरातील पट एक, आणि समोर बसणारा प्रतिस्पर्धीही घरातलाच. येथे बुद्धी व संधी यांची विभागणी कोणत्याही गणिताने होणार नाही. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकर व नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू निपजले. सांगलीच्या पाण्यात निराळी बुद्धी आहे, असे म्हणण्याचे धाडस अजून कोणी केलेले नाही. बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात, आणि कित्येकदा मुलेही बरोबर जातात. त्या मुलांना मानांकनाच्या स्पर्धा, त्यांचे प्रवेशशुल्क, प्रशिक्षक यांपैकी काय मिळते? अशा मुलाच्या नावापुढे मानांकन नसणे हे त्याच्या बुद्धीविषयी काहीही सांगत नाही.

प्रश्नाची दुसरी बाजू शाळांपुढे येते. बुद्धिबळ शिकविल्याने गणित सुधारते, या अपेक्षेची इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांत पाहणी झाली. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर धडे घेतलेल्या मुलांची त्यानंतर वर्षाने परीक्षा घेतली असता गणितात इतरांहून फरक दिसला नाही. दिंद्रुडच्या शाळेत पट आणावयाचा असेल, तर तो खेळ म्हणून आणण्यास कोणाचीच हरकत नसावी. परंतु त्यासाठी गणिताची तासिका कापली जात असेल, तर ‘बुद्धिबळाने बुद्धी वाढते’ हे वाक्य कारण म्हणून पुढे करता येणार नाही.