चेंडू कुठे आहे?

आपल्याकडे परीक्षकाची निवड ज्ञानावरून होत नाही, उपलब्धतेवरून होते. आमच्या आळीतल्या गणेशोत्सव मंडळाने हौशी छायाचित्रांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा ठरलेले परीक्षक ऐन वेळी मुलीकडे पुण्याला गेले. मी बँकेतून सुटून, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन मंडपावरून चाललो होतो. एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली. मी बी. कॉम. आहे, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. "म्हणजे हिशेब पक्का असेल," असं म्हणून अध्यक्षांनी माझ्या हातात एकशे चार फोटो दिले.

फोटोग्राफीशी माझा संबंध वडिलांच्या 'आग्फा क्लिक थ्री'पासूनचा. त्या काळ्या डबीत एक रोळ घातला की बारा फोटो निघत. बाराच. त्यामुळे वडील एक फोटो काढायचा म्हणजे कर्ज मंजूर करायचं असल्यासारखा विचार करीत. 'हलू नका' म्हटल्यावर आम्ही श्वाससुद्धा उधारीवर घेत असू. बारापैकी चारांत आमची डोकी उडालेली असत, दोनांत वडिलांचं बोट येई, आणि उरलेल्या सहांत आम्ही जप्तीला आलेल्या कुटुंबासारखे दिसत असू. आज खिशातल्या फोनमध्ये हजारो फोटो मावतात, डोकी शाबूत राहतात. पण तो फोटो का काढला, हे काढणाऱ्याला विचारलं तर तो, खातेदाराला आमच्या नव्या योजना विचारल्यावर मी जसा गोंधळतो, तसा गोंधळतो.

त्या एकशे चार फोटोंपैकी एकसष्ट सूर्यास्ताचे होते. रत्नागिरीत राहणाऱ्याला हे नवीन नाही. भाट्ये, मांडवी, थिबा पॉइंट, भगवती किल्ला. सूर्य एक, पण बुडायच्या जागा अनेक. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं. त्याचा राजवाडा १९१० साली पुरा झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षं बिचाऱ्याला हाच सूर्यास्त होता. तरी त्याने काढलेला एकही सूर्यास्ताचा फोटो माझ्या पाहण्यात नाही. याला म्हणतात राजाचा संयम!

सूर्यास्ताच्या फोटोवर माझा टीकाकार म्हणून आक्षेप असा की, त्यात छायाचित्रकाराचं काहीच नसतं. सूर्य वेळेवर बुडतो, समुद्र जागेवर असतो. यात जोखीम शून्य. मुदतठेवीसारखं आहे ते. बिनधोक, ठरल्या दराने सुंदर.

याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे फुटबॉलचा फोटो. आणि त्यासाठी मला आमचे हेडकॅशियर अण्णा वाचकांपुढे उभे करावे लागतील.

अण्णा कोल्हापूरचे. बदली होऊन रत्नागिरीत आले तेव्हा त्यांच्यासोबत एक ट्रंक, एक तांबड्या रश्श्याच्या मसाल्याचा डबा आणि चार आल्बम होते. आल्बममध्ये लग्नाचे फोटो असावेत म्हणून आम्ही कौतुकाने उघडले, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत राजर्षी शाहू स्टेडियम! उर्वरित महाराष्ट्राला क्रिकेट चढत असताना कोल्हापुराने मात्र फुटबॉल धरून ठेवला, आणि तोही तालमींतून. जिथे लाल मातीत पैलवान घडायचे, त्या तालमींनीच संघ काढले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, आणि जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ही नावं अण्णा असे घेतात, की आपण उभं राहावं की बसावं कळत नाही.

आता त्या फोटोंचं परीक्षण. अण्णांच्या फुटबॉल-छायाचित्रणाचे मी तीन कालखंड पाडतो. पहिला 'हॉटशॉट' कॅमेऱ्याचा. यात खेळाडू मुंगीएवढे आणि पुढच्या माणसाचा टोपीसकट मागचा भाग हत्तीएवढा. दुसरा कालखंड उधारीच्या कॅमेऱ्याचा. यात खेळाडू मोठे, पण पुसट. तिसरा फोनचा. यात सगळं स्पष्ट. मैदान, माणसं, जाहिराती, गोलपोस्टची जाळी. फक्त चेंडू नाही.

याचं कारण मी खास हिशेब मांडून काढलं आहे. जोरात मारलेला चेंडू ताशी नव्वद किलोमीटरने जातो असं धरा. म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा तिसावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात चेंडू ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे सरकतो. चेंडू स्वतः बावीस सेंटिमीटरचा. म्हणजे फोटोत चेंडूऐवजी दुधीभोपळा येणार. झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागात मिटली तर चेंडू पाचच सेंटिमीटर सरकतो आणि चेंडूसारखा दिसतो. पण यालाही एक पोटनियम आहे. 'आता गोल होतोय' असं डोळ्यांना दिसून, मेंदूला पटून, बोटाला कळेपर्यंत चेंडू फोटोच्या चौकटीतून केव्हाच राजीनामा देऊन गेलेला असतो. म्हणून चांगला छायाचित्रकार गोल झाल्यावर नव्हे, व्हायच्या आधी बटण दाबतो. आमच्या भाषेत, चेक वटायच्या आधी रक्कम देऊन टाकतो. हेडकॅशियरला हे कसं जमावं?

आता टोमणे. फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे निम्मा डोळे आणि निम्मी जीभ. आमच्या शाखेत दुपारच्या डब्याला दोन पक्ष असतात. एक अण्णा, अर्जेंटिनावाले. दुसरा एक तरुण अधिकारी मडगावचा, तो पोर्तुगालवाला. गोव्याने बंगालबरोबर १९८३ साली संतोष करंडक वाटून घेतला आणि पुढच्या साली ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या भक्कम गोलरक्षणावर एकट्याने नेला, हे तो आम्हांला आठवड्यातून एकदा सांगतो. अण्णा महाराष्ट्राच्या १९९९-२००० च्या विजेतेपदाचा उतारा देतात. नेव्हिल डिसोझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले, तो गोव्याचा की मुंबईचा, या वादात आमची तीन लोणची संपली.

२२ नोव्हेंबर २०२२ ला विश्वचषकात सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी गोवेकर गंभीर चेहऱ्याने कॅशच्या खिडकीत आला आणि म्हणाला, "अण्णा, रियाल आहेत का हो? कुणाला तरी अभिनंदन पाठवायचंय." अण्णा काही बोलले नाहीत. नोटा मोजत राहिले. १० डिसेंबरला मोरोक्कोने पोर्तुगालला १-० असं घरी पाठवलं. त्यानंतर शाखा उघडली तेव्हा गोवेकराच्या टेबलावर अण्णांनी आपल्या खिडकीची पाटी नेऊन ठेवली होती : 'व्यवहार बंद'. अर्जेंटिना १८ तारखेला विश्वविजेती झाली, तो आनंदसुद्धा अण्णांना या पाटीइतका झाला नसावा.

टीकाकार म्हणून मी या दोन्ही टोमण्यांना वरचा वर्ग देतो. एक तर दोन्ही वेळेवर आले. शिळा टोमणा आणि उशिरा दाबलेलं बटण यांचं फळ एकच : चौकटीत काही नाही. दुसरं म्हणजे जमाखर्च. कॉमर्सला पहिल्याच वर्षी शिकवतात की, प्रत्येक नावेला कुठेतरी जमा हवी. टोमणा ज्याच्या नावे टाकला, त्याला तो कधीतरी फेडता आला पाहिजे. ज्याला उत्तर देण्याची सोय नाही, तो टोमणा नव्हे, तो नुसता अपमान. तिसरं, टोमणा संघावर होता, माणसावर नव्हता.

आणि या दोघांच्या वर आमचा कुडाळचा शिपाई. तो सामने बघत नाही. दोघांचं ऐन रंगात आलेलं असताना चहाचे कप उचलता उचलता त्याने एवढंच विचारलं, "आणि ह्यात भारत खंय आसा?" १९५० साली पात्र होऊनही आपण विश्वचषकाला गेलो नाही, त्यानंतर कधी पात्रच झालो नाही. दोन्ही पक्ष एकदम पानातल्या उसळीकडे बघायला लागले.

तर, स्पर्धेकडे येऊ. अण्णांनीही एक फोटो दिला होता. स्टेडियमच्या पायऱ्या, दुपारचं ऊन, आणि शेजारी शेजारी दोन माणसं. मध्ये शेंगांची एकच पुडी. एकाने दोन्ही हात डोक्यावर नेलेले, त्याच्या संघावर नुकताच गोल झालेला असणार. दुसऱ्याचं तोंड अर्धवट उघडं, शब्द ओठांवर. आणि डोक्याला हात लावलेला माणूस हसतोय. मैदान नाही, खेळाडू नाही, चेंडू नाही.

मी फोटोच्या मागे पेन्सिलीने शेरा मारला, 'चेंडू कुठे आहे?' आणि पहिलं बक्षीस एका सूर्यास्ताला दिलं. होय, त्याच मुदतठेवीला. तो स्पष्ट होता, सरळ होता, आणि देणाऱ्याचे वडील मंडळाचे खजिनदार होते. एवढ्यावरही मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी तो शेरा सगळ्यांपुढे मोठ्याने सांगितला. सगळे हसले. अण्णाही हसले, पण नोट खोटी असल्यावर खिडकीत हसतात तसे.

संध्याकाळी कॅश जुळवताना त्यांनी आपणहून विषय काढला. ते दोघं त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. तालमी वेगवेगळ्या. (कोणत्या ते सांगत नाही, मला अजून कोल्हापूरला जायचं आहे.) तीस वर्षं एकमेकांच्या शेजारी बसून एकमेकांच्या संघाची सालं काढली. मग एका सामन्यात एकाच्या मुलाने पेनल्टी बाहेर मारली. दुसरा संघाबद्दल बोलला, तोवर ठीक होतं. मग मुलाबद्दल बोलला. आणि पुढे एक वाक्य जास्त बोलला. त्या दिवसापासून दोघं स्टेडियमच्या दोन टोकांना बसतात.

"आवं पाव्हणं," अण्णा म्हणाले, "चेंडू काय, दुकानात मिळतोय. ही दोघं एका पुडीत हात घातलेली आता कुठं मिळत्यात?"

मी रात्री तो फोटो पुन्हा पाहिला. कोल्हापुरात प्रेक्षकांच्या हाणामारीने सामने थांबल्याच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा फोटो छापलेला असतो तो दगडांचा आणि पोलिसांचा. दगड हातात येण्याआधी टोमण्यातला शब्द कुठे घसरला, त्याचा फोटो कुणी काढत नाही. आणि तो घसरण्याआधी हाच टोमणा किती सुंदर होता, त्याचा तर नाहीच. अण्णांनी तो काढला होता. चेंडू नव्हताच त्यात, कारण चेंडूमुळे काय होतं त्याचा तो फोटो होता.

१३ डिसेंबर २०२५ ला मेस्सी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानात आला. बड्या मंडळींनी त्याच्याभोवती फोटोसाठी असा गराडा घातला की, तिकिटं काढून आलेल्या हजारो लोकांना तो धड दिसलाच नाही. मग खुर्च्या आणि बाटल्या मैदानात आल्या. आज आपण फोटो काढतो तो 'मी तिथे होतो' हे सिद्ध करायला. अण्णांच्या फोटोत अण्णा नाहीत. म्हणूनच त्या पायरीवर मला बसायला जागा मिळाली.

आणि माझा शेरा? तीन कसोट्या मीच घातल्या होत्या. वेळेवर? होता. संघावर की माणसावर? माणसावर. उत्तराची सोय? परीक्षकाला उलट कोण बोलणार! म्हणजे मीही एक वाक्य जास्तच बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, चुकलं माझं. मी मंडळाला सांगून निकाल बदलून घेतो."

अण्णांनी नोटांच्या बंडलाला रबर लावला. "१९८६ साली मॅराडोनानं इंग्लंडला हातानं गोल मारला. हात चेंडूला लागल्याला फोटोसुदिक हाय. निकाल बदलला?"

"नाही."

"मग? रेफ्रीनं दिलं म्हंजी दिलं. गोल गेला समजायचा."

एवढं बोलून ते कामाला लागले. दुपारी डबा खायला गेलो, तर माझ्या टेबलावर ती 'व्यवहार बंद'ची पाटी. वर पेन्सिलीने एक ओळ वाढवलेली : 'परीक्षक जेवायला गेले आहेत. चेंडू सापडल्यास कळवावे.'

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने. माझ्या नावेची रक्कम जमा झाली होती.