सैल दोराही स्थायूच असतो

दोन कागदी पेले किंवा रिकाम्या काडेपेट्या, दहाएक मीटर दोरा आणि काडीचे दोन तुकडे. एवढ्या साहित्यात होणारा दोऱ्याचा टेलिफोन शाळांतून वर्षानुवर्षे केला जातो, आणि तो पुढेही केला जावा असेच आम्हाला वाटते. आमची तक्रार कृतीबद्दल नाही, तिच्याखाली लिहिल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल आहे. कृतिपुस्तकांत आणि विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवर तो पुष्कळदा असा आढळतो : दोरा स्थायू आहे, स्थायूत ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा जास्त असतो, म्हणून दूरचे बोलणे स्पष्ट ऐकू येते.

यातले पहिले विधान बरोबर आहे. दुसरेही बहुतेक वेळा बरोबर असते (रबराच्या बारीक दोरीतून मात्र ध्वनी हवेतल्यापेक्षाही सावकाश जाऊ शकतो). चूक आहे ती 'म्हणून' या शब्दात.

थोडा हिशेब करून पाहू. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १० मीटर जायला त्याला सुमारे ०.०३ सेकंद लागतो. दोऱ्यातून तो शून्य वेळात पोहोचला असे धरले, तरी वाचला तो एवढाच वेळ. त्याने शब्द जरा आधी पोहोचेल. पण तो मोठा का व्हावा? पत्र लवकर आले म्हणून त्यातले अक्षर ठळक होत नाही.

खरे कारण ध्वनीच्या पसरण्यात आहे. मोकळ्या मैदानात तोंडातून निघालेला ध्वनी चहूकडे पसरतो. तोंडापासून १० सेंटिमीटरवर त्याची जी तीव्रता असते, तिचा १० मीटरवर, म्हणजे शंभरपट अंतरावर, साधारण दहा हजारावा भाग उरतो. पेल्यात बोलले की पेल्याचा तळ पडद्यासारखा कंप पावतो आणि दोऱ्याला त्याच्या लांबीच्या दिशेने बारीक हिसके देतो. ही कंपने दोऱ्याच्या वाटेनेच जातात. दुसऱ्या टोकाचा तळ तसाच हलतो आणि कानाजवळची हवा हलवतो. वाटेत थोडी ऊर्जा खर्च होते, पण ती दाही दिशांना वाटली जात नाही.

हे सारे फळ्यावर सांगण्याआधी मुलांना करून पाहू द्यावे. पहिली गोष्ट, ओरडायचे नाही. ओरडलेले हवेतूनही ऐकू येते, आणि मग दोऱ्याने काय केले ते कळतच नाही. कुजबुजायचे, आणि ऐकणाऱ्याशेजारी एक मूल पेल्याशिवाय उभे करायचे. एकाला ऐकू आले आणि दुसऱ्याला नाही, तरच श्रेय दोऱ्याचे.

नंतर दोरा सैल सोडायला सांगावे. आवाज बंद होतो. दोरा तोच आहे, स्थायूच आहे. मग झाले काय? दोऱ्याला ओढता येते, ढकलता येत नाही. तो ताणलेला असला तरच तळाच्या हालचालीबरोबर त्यातला ताण कमीजास्त होतो आणि कंपने पुढे जातात. रॉबर्ट हुक यांनी १६६५ साली 'मायक्रोग्राफिया'च्या प्रस्तावनेत तारेतून दूरवर आवाज पोहोचवल्याचे नोंदवले, तेव्हा ती तार ताणलेली होती हे सांगायला ते विसरले नव्हते. आपल्या निष्कर्षातून नेमका तोच शब्द गळला आहे.

तिसरा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा. बागेला पाणी घालायची तेवढ्याच लांबीची नळी घ्यावी. तिच्यातले पाणी पूर्ण काढून टाकावे, दोन्ही टोकांना नरसाळी बसवावीत आणि कुजबुजावे. पलीकडे ऐकू येते. नळीत तर हवाच आहे! डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपच्या नळीतही हवाच असते. म्हणजे मुख्य मुद्दा स्थायू की वायू हा नसून ध्वनीला पसरू न देण्याचा आहे.

लहान मुलांना इतके खोलात कशाला न्यायचे, असे कोणी म्हणेल. तीव्रतेचा नियम पाचवीत सांगायची गरज नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण मग चुकीचे कारण तरी का सांगावे? सैल दोऱ्याने आवाज बंद झालेला मुलाने स्वतः अनुभवलेला असतो. तरीही प्रयोगवहीत ते 'दोरा स्थायू आहे म्हणून' असे लिहिते, आणि त्याला त्याचे गुण मिळतात. ध्वनीबद्दलची एक चूक पुढच्या इयत्तेत दुरुस्त करता येईल. पण आपण पाहिलेले वेगळे आणि वहीत लिहायचे वेगळे, ही सवय एकदा लागली की ती सुटणे कठीण.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. पुढच्या वेळी ही कृती घ्याल तेव्हा निष्कर्षाची जागा कोरी ठेवा. तिथे तीन प्रश्न लिहा : दोरा सैल केल्यावर काय झाले? मध्येच चिमटीत धरल्यावर काय झाले? दोऱ्याऐवजी नळी घेतल्यावर काय झाले? कारण मुलांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या. ते अपुरे असेल, पण त्यांनी जे पाहिले त्याच्याशी जुळणारे असेल.