क्षार, पेशी आणि प्रथम वर्षाचा विद्यार्थी

सदाशिव पेठेत टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे आणि त्याच रस्त्यावर सर परशुरामभाऊ महाविद्यालयही आहे. एकीकडे मराठी शब्दांची चिकित्सा चालते. दुसरीकडे मराठी शाळांतून आलेले विद्यार्थी जीवशास्त्राच्या प्रथम वर्षाला बसतात. त्यांच्या अडचणीचे निदान बहुधा एकच केले जाते : इंग्रजी कच्चे. प्रस्तुत लेखकास हे निदान अपुरे वाटते. शालेय परिभाषा या मुलांना मुखोद्गत असते. परंतु शब्दाचा लौकिक अर्थ कोठे संपतो आणि शास्त्रीय अर्थ कोठे सुरू होतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

'क्षार' हा शब्द घ्यावा. आयुर्वेदात वनस्पतींच्या राखेपासून काढलेला तीक्ष्ण पदार्थ तो क्षार; यवक्षार हे त्याचे परिचित उदाहरण. हिंदी परिभाषेने हाच अर्थ राखला व मीठवर्गीय संयुगांना 'लवण' म्हटले. मराठीने मात्र आम्लाच्या प्रतिपक्षासाठी 'आम्लारी' हा शब्द घडविला आणि 'क्षार' लवणाच्या जागी बसविला. हे अर्थांतर निराधार नव्हे. 'क्षारा'पासूनच आलेल्या 'खार' शब्दाने मराठीत दोन्ही घरे राखली आहेत : खारट ते मिठासारखे, आणि पापडखार मात्र तांबडा लिटमस निळा करणारा.

हा केवळ कोशकारांचा वाद असता तर त्यासाठी कागद खर्चण्याचे कारण नव्हते. पण रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत कसा राहतो, हा पाठ प्रथम वर्षात येतो आणि तेथे विद्यार्थी अडखळतो. आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने क्षार आणि पाणी निर्माण होते, हे त्याने शाळेत पाठ केलेले असते; त्यावरून क्षार म्हणजे उदासीन पदार्थ, अशी त्याची समजूत झालेली असते. आता त्यास सांगितले जाते की, सोडियम बायकार्बोनेट हे व्याख्येने क्षार असूनही रक्तातील आम्लता आवरते. दुर्बल आम्ल व प्रबल आम्लारी यांपासून झालेल्या क्षाराचे द्रावण अल्कधर्मी असते, हा खुलासा घरच्या पापडखारावरून सहज करता आला असता. आमच्या शेतकऱ्यास हा भेद ठाऊक आहे. मिठाने बिघडलेल्या जमिनीस तो क्षारपड म्हणतो आणि सोडियमने घट्ट झालेल्या, अल्कधर्मी जमिनीस चोपण. पाठ्यपुस्तकाने त्याच्याकडे पाहिले नाही, एवढेच.

'पेशी'ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. सुश्रुतसंहितेत पेशी म्हणजे मांसाचे अवयव, आणि त्यांची संख्या ५०० सांगितली आहे. हिंदीत तो अर्थ अद्याप चालतो. तेथे सजीवाचा मूळ घटक 'कोशिका' होय. मराठीने 'पेशी' या घटकास दिली, मांसाच्या अवयवास 'स्नायू' म्हटले. बंगालीत तर 'स्नायु' म्हणजे मराठीतील चेता. हिंदी मार्गदर्शिका उघडणाऱ्या विद्यार्थ्याचा गोंधळ होतो तो त्याच्या मंदबुद्धीमुळे नव्हे.

यावर इंग्रजी संज्ञा सरसकट घ्याव्यात, असा उपाय सुचविला जातो. तोही भाबडा आहे. रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाच्या कापात दिसलेल्या पोकळ्यांना 'सेल' म्हटले, ते खोलीवाचक लॅटिन शब्दापासून. सजीव घटकाचा अर्थ त्यास पुढे आला. तेथील विद्यार्थ्यासही लौकिक अर्थ ओलांडावाच लागतो.

भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली. तेव्हापासून निघालेल्या परिभाषा कोशांचे श्रम मोठे आहेत. परंतु कोश हा प्रतिशब्द देतो. तो शब्द आधी कोठे राहत होता, हे सांगणे कोशाचे काम नसून पाठ्यपुस्तकाचे आहे. तेथे संज्ञेखाली शब्दाचा पूर्वीचा अर्थ, हिंदीतील अर्थ आणि प्रस्तुत अर्थ अशा तीन ओळी पुरतील. रूढ झालेले शब्द बदलण्याचा घाट मात्र कोणी घालू नये. 'क्षारा'चे घर एकदा बदलले आहे, पुन्हा बदलल्यास जुनी व नवी पाठ्यपुस्तके एकमेकांना खोटी पाडतील.