न दिसलेले आणि नसलेले

मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीवरील लेखांत दोन विधाने हमखास आढळतात. एक, बुरशी झाडाला फॉस्फरस व पाणी मिळवून देते आणि झाड तिला अन्न देते. दुसरे, ही बुरशी कोट्यवधी वर्षे लैंगिक प्रजननाशिवाय जगत आली आहे. पहिले विधान अपुरे असले तरी बरोबर आहे. तक्रार आहे ती दुसऱ्याबद्दल. वर्गात ते सांगणाऱ्यांत आम्हीही होतो.

मालवणजवळच्या तोंडवलीचा किनारा पाहा. वाळूत पोषकद्रव्ये थोडी आणि पाणी टिकत नाही, तरीही मर्यादवेल तेथे हिरवीगार पसरते. गोव्यातील अशाच वाळूच्या टेकड्यांवरील वनस्पतींच्या मुळांत ही बुरशी असल्याचे गोवा विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले आहे. तिचे तंतू मुळांच्या पेशींत शिरून झुडपासारखी रचना करतात. देवाणघेवाण होते ती तेथे. स्कॉटलंडमधील रायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही अशी रचना सापडल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वनस्पतींना खरी मुळे नव्हती. म्हणजे ही सोबत मुळांहूनही जुनी!

आता प्रजननाकडे वळू. या बुरशीच्या एकेका बीजाणूत शेकडो ते हजारो केंद्रके असतात. पावावरच्या काळ्या बुरशीत दोन तंतू एकत्र येऊन जाड कवचाचा बीजाणू बनतो, तसे काही येथे सूक्ष्मदर्शकाखाली आढळेना. त्यावरून तिच्यावर ‘अलैंगिक’ असा शिक्का बसला. पण जनुकांची सरमिसळच होत नसेल, तर घातक बदल पिढ्यान्‌पिढ्या साचत जातील. मग ती इतका काळ टिकली कशी? लोकप्रिय लेख येथे ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणून थांबतात.

संशोधक मात्र थांबले नाहीत. अर्धसूत्री विभाजनाला लागणारी जनुके या बुरशीत असल्याचे २०११ मध्ये दिसून आले. २०१६ मध्ये ‘ऱ्हायझोफॅगस इर्रेग्युलॅरिस’ या जातीच्या काही वाणांत दोन प्रकारची केंद्रके आढळली. इतर बुरशींत जोडीदार ठरवणाऱ्या जनुकांसारखा भागही तिच्यात मिळाला आणि त्या दोन केंद्रकांत तो वेगवेगळा होता. प्रत्यक्ष मीलन अजून कोणी पाहिलेले नाही. तेव्हा नेमके विधान असे: लैंगिक प्रजनन दिसलेले नाही, पण ते होत असावे अशा खुणा जनुकांत आहेत.

हे वाक्य लांब आहे आणि चमकदारही नाही. तरी शिक्षकांनी तेच सांगावे असे आम्हाला वाटते, कारण पहिल्या वाक्याने विद्यार्थी एक चुकीची सवय शिकतो.

तोंडवलीच्या मुलांनी मर्यादवेलीखालची मूठभर वाळू घ्यावी. वेल उपटू नये, वाळू धरून ठेवते ती तीच. वाळू पाण्यात ढवळावी, वरचे पाणी बारीक फडक्यातून गाळावे आणि राहिलेला गाळ भिंगाखाली पाहावा. बीजाणू साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे असतात, बहुतेक त्याहून लहान. कदाचित काहीच दिसणार नाही. तेव्हा वहीत ‘बीजाणू नाहीत’ असे न लिहिता ‘आम्हाला बीजाणू दिसले नाहीत’ असे लिहायला सांगावे.