सिक्कीम स्ट्रीटवरील घर

व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) या कादंबरीविषयी लिहिताना, घर हे नायकाच्या स्वत्वाचे प्रतीक होय, हे बहुधा गृहीतच धरले जाते. विधान चुकीचे नाही, पण घाईचे आहे. प्रतीक शोधणारा टीकाकार त्या घराचा जिना चढून पाहत नाही.

नायपॉल वाचकाला तो चढायला लावतात. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स या उपनगरातील हे दुमजली घर एका सॉलिसिटरच्या कारकुनाने फावल्या वेळात बांधलेले आहे. त्याचा सांगाडा मोडीत निघालेल्या अमेरिकन लष्करी छावणीतला. जिन्याची गरज जणू मागाहून आठवल्यामुळे तो घराच्या पाठीशी कसाबसा टांगलेला. तोंड पश्चिमेला, दुपारी बसण्याजोग्या जागा दोनच, खालचे स्वयंपाकघर आणि वरची सदा ओली न्हाणी! किंमत साडेपाच हजार डॉलर. बिस्वासच्या अखेरच्या दिवसांत तीन हजारांचे कर्ज शिल्लक आहे, शेकडा आठ दराने महिना वीस डॉलर व्याज आहे, आणि जमिनीचे भाडे दहा डॉलर निराळेच.

जमिनीचे हे भाडे कादंबरीच्या अगदी आरंभीच्या परिच्छेदात येते, तरी त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. वास्तू आपली, भूमी परक्याची. १८४५ ते १९१७ या काळात गिरमिटावर त्रिनिदादला नेलेल्या मजुरांच्या वंशजाची ही खरी अवस्था आहे. सेंट जेम्समधील कित्येक रस्त्यांना हिंदुस्थानातील स्थळांची नावे आहेत. लेखकाचे वडील सीपरसाद यांचे घरही तेथेच, नेपॉल स्ट्रीटवर होते. कादंबरीत त्याचे सिक्कीम झाले. नावांनी देश दिला. पायाखालची जमीन दिली नाही. बिस्वासचे स्वातंत्र्य या दहा डॉलरांसकट वाचले पाहिजे. ते वगळले की कादंबरी निव्वळ विजयगाथा होते, आणि तशी ती नाही.

तरीही बिस्वासचा आनंद खोटा ठरत नाही, हे लेखकाचे मोठे यश. हनुमान हाउसमध्ये तुळसी कुटुंबाच्या गर्दीत ज्याला स्वतःचा कोपरा मिळाला नाही, त्याला आपल्या दाराशी लावलेले झाड पुरेसे आहे. नातलग भेटीला येतात, तेव्हा घरातील सारी माणसे मिळून त्याची व्यंगे झाकतात. एकत्र कुटुंबाच्या आठवणीने गहिवरणाऱ्या आपल्या कादंबरीला हे दृश्य सुचणे कठीण होते.

उणीव आहे ती शेजाराची. ‘मिगेल स्ट्रीट’मध्ये (१९५९) रस्ताच नायक होता, बाकड्यावर, कट्ट्यावर माणसे बोलत आणि घरे बाहेरूनच दिसत. येथे नेमके उलट झाले आहे. घराचा इंच न् इंच मोजलेला, पण रस्ता पुसट. शेजारच्या म्हाताऱ्याकडून कारकुनाच्या बांधकामाची हकीकत कळते, तेवढ्यापुरताच तो येतो. आफ्रिकी वंशाचे पोर्ट ऑफ स्पेन तर कुंपणापलीकडेच राहते. हा बिस्वासच्या दृष्टीचा संकोच की लेखकाच्या, याचा निर्णय कादंबरी होऊ देत नाही.

अखेरीस बिस्वासच्या मृत्यूनंतर सारे तुळसी कुटुंब त्या घरात लोटते. जिना थरथरतो, वरची जमीन पावलांनी घुमते, घासूनपुसून चकचकीत केलेल्या फरशीवर ओरखडे उठतात. घर मात्र पडत नाही.